सहाव्या भागातले अकरा अपघात

कंपनी आपल्या खर्चाने सिनेमा दाखवणार अशी मेल आली तेव्हा वैजनाथ इंगोलेने आधी शेवटची ओळ वाचली. हिंजवडीत आठ वर्षं काढलेला माणूस मेल खालून वर वाचतो, कारण वरच्या भागात नुसता आनंद लिहिलेला असतो. शेवटच्या ओळीत 'उपस्थिती अनिवार्य' असं होतं.

सिनेमा 'डबल क्लच' नावाचा, गाड्यांच्या शर्यतींचा इंग्रजी मारधाडपट, भाग सहावा. बुधवारी दुपारी तीनला ऑफिसच्या आवारातून बस सुटणार होती. वैजनाथला त्या दुपारी फक्त झोपायचं होतं. गुरुवारी संध्याकाळी साडेसातची वाशिमची गाडी होती, रविवारी धाकट्या बहिणीचा, मुक्ताचा, साखरपुडा होता. बायको नम्रता तयारीसाठी आठ दिवस आधीच वाशिमला गेली होती आणि सदाशिव पेठेतल्या दोन भाड्याच्या खोल्यांत वैजनाथ आणि धुवायचे कपडे असे दोघंच राहत होते. रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. त्यावर सही नव्हती.

"दादा, या खेपेले येजो बरं," मुक्ता रोज फोनवर म्हणायची.

"येतो म्हटलं ना."

"गणेशदादाच्या लग्नाले बी म्हटलंच होतं तू. अन् मंग फोनवरून अक्षता टाकल्या."

ते खरं होतं. स्पीकर चालू ठेवून त्याने ऑफिसातूनच चुलतभावाची मंगलाष्टकं ऐकली होती आणि 'सावधान'ला समोरच्या पाकिटातले चार पोहे की-बोर्डवर टाकले होते. पुढे दोन महिने त्या की-बोर्डचं एक बटण दाबलं की दोनदा उमटायचं.

'डबल क्लच'चा पहिला भाग वैजनाथने अमरावतीला कॉलेजात असताना पाहिला होता आणि खोटं कशाला बोला, त्याला तो मनापासून आवडला होता. एक गॅरेजवाला, एक जुनी गाडी, एक शर्यत. ती गाडी मधेच तापायची. गॅरेजवाला उतरून, बॉनेट उघडून पाणी घालायचा आणि तेवढ्यात बाकीचे पुढे जायचे. शेवटी तो हरायचा. हॉस्टेलवर परत येताना वैजनाथ कुणाशी बोलला नव्हता. पण हरलेल्या माणसावर पुढचे पाच भाग काढता येत नाहीत, म्हणून दुसऱ्या भागापासून त्याला जिंकायला लावलं आणि तिथून सगळी उतरती कळा लागली.

सहाव्या भागात ती गाडी रेल्वेच्या टपावरून पुलावर, पुलावरून बोटीवर आणि बोटीवरून विमानात गेली. तिसऱ्या भागातला खलनायक आता नायकाचा जिवलग मित्र झाला होता, आणि चौथ्या भागात मेलेली बाई पाचव्यात काय करत होती याचा खुलासा सहाव्यातही झाला नाही. वैजनाथ सॉफ्टवेअर तपासायचं काम करायचा. दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्यांना नंबर द्यायचे, हाच धंदा. डोळे मिटले तरी त्याला चुका दिसत.

शेजारच्या खुर्चीत त्याच्या टीममधला फैझल तांबोळी होता. त्याने हा सिनेमा आधी दोनदा पाहिला होता आणि तरीही तो पुढे सरकून बसला होता.

"सर, मजा येतेय ना?"

"गिअर मोजतोय. चौदाव्यांदा पुढचा टाकला. एवढे गिअर ट्रकलाही नसतात."

"सर, असल्या पिक्चरला लॉजिक घरी ठेवून यायचं असतं."

"घरी दोनच खोल्या आहेत. जागा नाही."

गुरुवारी सकाळी वैजनाथ कामाला बसला. त्याची कंपनी उत्तर इंग्लंडातल्या एका विमा कंपनीसाठी सॉफ्टवेअर बनवत होती. तिकडे कुणाची मोटार आपटली की त्याचा दावा या सॉफ्टवेअरमध्ये भरायचा. त्यात आता एक नवा भाग जोडला होता, खोटे दावे आपोआप ओळखून बाजूला काढणारा. तो तपासायचा म्हणजे मनाने रचलेले अपघात भरून बघायचे. हे सगळं खऱ्या सिस्टीमच्या नकलेवर चालायचं, त्यामुळे काहीही लिहिलं तरी कुणाचं काही बिघडत नसे.

अडचण एवढीच की आठ वर्षांत वैजनाथचे अपघात संपले होते. त्याने कुत्री आडवी घातली होती, गायी घातल्या होत्या, इंग्लंडच्या रस्त्यावर एकदा उसाची ट्रॉली उलटवली होती. झोप न झालेल्या डोक्यात आता नवीन काही सुचेना. डोक्यात होता तो फक्त कालचा सिनेमा. मग त्याने तोच भरायला घेतला. चालकाचं नाव म्हणून स्वतःचं नाव टाकलं, सगळेच टेस्टर टाकतात. मोबाईल स्वतःचा. 'जवळचे नातेवाईक' या रकान्यात दुसरा नंबर लागतो, नुकताच मुक्ताचा फोन येऊन गेला होता, तिचाच टाकला. जागा मात्र खरी लागते, यादीतूनच निवडावी लागते. त्याने यादीतला पहिला पूल निवडला.

खाली 'तपासनिसाचा अभिप्राय' असा मोठा रकाना होता. तो आजवर कुणी वाचलेला नव्हता. वैजनाथ तिथे थोडा मोकळा झाला. ती सगळी इंग्रजी, पण तिचा मतलब असा:

"दावा तिसरा. गाडी धावत्या रेल्वेच्या टपावरून पुलावर उतरली. चालकाचा भांगही विस्कटलेला नाही. हाच अपघात पूर्वी भाग चारमध्ये झालेला असून तेव्हा पूल लाकडी होता."

"दावा सातवा. स्फोट. गाडीत पेट्रोल असल्याचा आधीच्या दीड तासात उल्लेख नाही."

"दावा नववा. गाडी चालू असताना चालक व त्याचा शत्रू यांची दिलजमाई. कारण समजू शकले नाही."

"दावा अकरावा. चालकाने आता निवृत्त व्हावे अशी शिफारस. सुरुवातीला त्याची गाडी तापत असे, तेव्हा तो अधिक विश्वासार्ह होता."

सॉफ्टवेअरने अकराच्या अकरा दावे क्षणात मंजूर केले. हे कुठेतरी लिहून ठेवायला हवं, असं वैजनाथच्या मनात आलं. पण आधी तो जेवायला गेला.

तीन वाजता मॅनेजर शुभंकर आगाशे यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. आगाशे नारायण पेठेतले, आवाज कधीही न चढवणारे. ते रागावले आहेत हे फक्त त्यांच्या आदरार्थी बहुवचनावरून कळायचं.

"या, इंगोले. बसा. आपण चित्रपटांची समीक्षा लिहिता हे आम्हाला इंग्लंडहून कळलं."

वैजनाथ उभाच राहिला.

"तिकडच्या दावे विभागाला अकरा मेल गेल्या आहेत. तिथल्या प्रमुख मार्गारेटबाईंनी स्वतः वाचल्या. शिवाय मंजूर दावा म्हटल्यावर सिस्टीमने गाडी ओढून न्यायला माणूस पाठवलाय. तो दीड तास एका पुलाखाली लाल मोटार शोधतोय."

"पण सर, ही तर नक्कल. नकलेवरून मेल जात नाही."

"जात नाही. पत्ते बदललेले असले तर."

दोघांनी एकाच वेळी काचेतून बाहेर पाहिलं. बाहेर फैझल पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होता, उघडत होता, परत लावत होता. खऱ्या सिस्टीमची नवी नक्कल काढली की तिच्यातले सगळे खरे पत्ते पुसून खोटे टाकायचे, हे काम बुधवारी दुपारी त्याच्याकडे होतं.

"सर, अर्धं झालं होतं," आत आल्यावर तो म्हणाला. "पण तीन वाजले आणि एचआरच्या मॅडम खाली शिट्टी वाजवत होत्या. म्हणाल्या, बस चुकली तर गैरहजेरी लागेल."

आगाशेंनी डोळे मिटून घेतले. सिनेमाच्या त्या मेलवर त्यांचीही सही होती. "सव्वापाचला मार्गारेटबाईंचा फोन आहे. तोवर निदान ते दावे बंद करा."

दावा बंद करायचा तर कारण द्यावं लागतं, आणि सिस्टीममध्ये कारणं चारच होती. 'गाडी सापडली' म्हटलं की ती गाडीचा फोटो मागायची. 'दावेदाराची माघार' म्हटलं की सहीचा कागद. 'पोलीस तपास चालू' म्हटलं की चौकीचा नंबर. फक्त चौथ्या कारणाला काहीही जोडावं लागत नव्हतं. फैझल घाईत होता आणि चूक दुरुस्त करायला उतावीळ झाला होता. वैजनाथ "थांब" म्हणेपर्यंत त्याने अकराही दाव्यांवर चौथं कारण लावून टाकलं: 'दावेदार मयत'. सहा भागांत ज्याला दरी, समुद्र आणि क्षेपणास्त्र काही करू शकलं नव्हतं, त्याला फैझलने दोन मिनिटांत अकरा वेळा मारलं.

वैजनाथने तो नायक स्वतःच्या नावाने भरला होता, हे त्या क्षणी कुणाच्याच ध्यानात नव्हतं. पाच मिनिटांनी त्याचा मोबाईल वाजला.

"दादा, कुठं हाय तू?" मुक्ता होती.

"ऑफिसात. का?"

"मंग तू मेला नाही."

"अजून नाही. कोण म्हणतं?"

"मोबाईलवर इंग्रजीत आलं का वैजनाथ इंगोले गेले, आम्ही तुमच्या दुःखात सहभागी आहो. एक खेप नाही, अकरा खेपा. वहिनीनं पहिला वाचला अन् मटकन खालीच बसली. पाचव्यापासून मात्र म्हणे, हे त्याईच्या ऑफिसचंच काम दिसते."

वैजनाथने कपाळाला हात लावला. "नम्रताला सांग, मी ठीक आहे."

"वहिनीचं सोड. योगेशची आई आली होती साड्या पाहाले. तिच्यासमोरच झालं सारं. ती म्हणते, हा अपशकुन झाला, साखरपुडा दिवाळीनंतर पाहू." मुक्ता थांबली. इतका वेळ ठणठणीत असलेला तिचा आवाज एकदम बसला. "मी सांगतलं, माहा दादा रविवारी सोता येते, हात लावून पाहा त्याले. तू येशीन ना दादा? नसशीन येत त आताच सांग."

"येतो," वैजनाथ म्हणाला. गणेशदादाच्या लग्नाला गेलो नाही तर काय झालं, फक्त चार पोहे वाया गेले, असं तो स्वतःला सांगत आला होता. या वेळी बहिणीचं लग्न तो जिवंत असण्यावर अडलं होतं, आणि त्याच्या जिवंत असण्याचा कागद आगाशेंच्या टेबलावर सहीविना पडला होता.

सव्वापाचला केबिनचं दार लावून तिघं फोनभोवती बसले. फैझल सारखा पाणी पीत होता. मार्गारेटबाईंचा आवाज म्हाताऱ्या शाळामास्तरणीसारखा होता, एकेक शब्द धुऊन वाळवलेला.

"हे मिस्टर इंगोले आहेत का तिथे?"

"आहेत," आगाशे म्हणाले. "म्हणजे, जिवंत आहेत."

"ऐकून बरं वाटलं. आमच्या इथल्या दोन मुलींनी त्यांच्यासाठी फुलं मागवली होती." मग कागदांची सळसळ झाली. "गाडी ओढणारा माणूस परत आला. पुलाखाली त्याला एक सायकल मिळाली. ती कुणाची ते आम्ही बघतोय. आता मी दावे वाचते."

त्यांनी अकराही अभिप्राय वाचून काढले. सावकाश, आवाजात कसलाही चढउतार न करता. वैजनाथला वाटलं, न्यायालयात शिक्षा अशीच वाचत असतील. पावणेसहा वाजत आले होते आणि हिंजवडीहून साडेसातच्या गाडीला पोचायचं तर सहाच्या आत निघायला हवं होतं. अकराव्या दाव्यानंतर पलीकडे कागद एकावर एक रचल्याचा आवाज आला.

"शनिवारी मी नातवाला घेऊन हा सिनेमा पाहिला," मार्गारेटबाई म्हणाल्या. "मिस्टर इंगोले, सातव्या दाव्यात तुम्ही फार मवाळ आहात."

फैझलने बाटली खाली ठेवली.

"दुसरी गोष्ट. आमची नवी यंत्रणा खोटे दावे ओळखणार होती. तिने विमानात शिरलेल्या मोटारीचा दावा मंजूर केला. पुढच्या सोमवारी ती आम्ही खरोखर सुरू करणार होतो. इतके दिवस सगळे जण खऱ्यासारखे दिसणारे खोटे अपघात भरत होते. धडधडीत खोटा अपघात भरून बघावा हे कुणाला सुचलंच नाही. तुम्हाला कसं सुचलं?"

"मॅडम, झोप झाली नव्हती," वैजनाथ प्रामाणिकपणे म्हणाला.

"छान. तर आता आधीचे पाच भाग. सगळे अपघात, अभिप्रायासकट, मंगळवारपर्यंत. हे काम मिस्टर इंगोलेंशिवाय कुणी करू नये."

फोन बंद झाला. आगाशेंनी रजेचा अर्ज पुढे ओढला आणि पेनचं टोपण काढलं.

"अभिनंदन, इंगोले. आता तुम्ही अपरिहार्य झालात, त्यामुळे रजा देणं अवघड झालं."

"सर, मी गेलो नाही तर बहिणीचा साखरपुडा मोडतो. लोकांना मी मेलेलो वाटतोय."

आगाशेंनी त्याच्याकडे पाहिलं. मग सही केली, आणि सहीखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'लॅपटॉप व पाच डीव्हीडींसह'. "फैझलकडे सगळे भाग असतील. त्याला तेवढं करू दे." अर्ज देताना ते थोडे घुटमळले. "पहिला मी पाहिलाय. त्यात ती गाडी तापते. चांगला होता तो."

"हो सर," वैजनाथ म्हणाला. आठ वर्षांत त्या दोघांचं प्रथमच एखाद्या गोष्टीवर एकमत झालं होतं.

फैझलने त्याला आपल्या मोटरसायकलवरून गाडीवर सोडलं. वाटेत त्याने एकदाही सिग्नल मोडला नाही, त्यामुळे गाडी जेमतेम मिळाली.

रविवारी वाशिमला योगेशच्या आईने मांडवात शिरल्या शिरल्या वैजनाथचा दंड दाबून पाहिला. मग दुसरा दाबला. त्यांचं समाधान झालं. साखरपुडा झाला, पेढे वाटले, फोटो निघाले, आणि प्रत्येक फोटोत मुक्ताने भावाला हाताला धरून ठेवलं होतं. जेवणं उरकल्यावर वैजनाथ मांडवाच्या कोपऱ्यात गाद्यांच्या ढिगावर बसला आणि लॅपटॉपवर भाग तिसरा लावून अपघात उतरवून घेऊ लागला. मंगळवार जवळ आला होता.

नवरदेव योगेश पान खात खात तिथे आला आणि जागच्या जागी थांबला.

"दादा, तुम्ही बी? डबल क्लच?"

योगेश चाकणच्या मोटारींच्या कारखान्यात दारं बसवायचा. बघता बघता त्याचे दोन मित्र, चुलतभाऊ आणि आई गोळा झाले. "याले त्याच पिक्चरचा नाद हाय," आई म्हणाली. नम्रताने लांबूनच नवऱ्याकडे सावध करणारा एक कटाक्ष टाकला.

"मी सहाही पाहिले," योगेश म्हणाला. "दिवसभर आम्ही गाड्या जमिनीवरच पाहतो. दार जागच्या जागी हाय का नाही, हेच पाहतो. मंग त्या उडताना पाहाले बरं वाटते." जरा लाजून त्याने विचारलं, "सहावा कसा वाटला तुम्हाले?"

वैजनाथकडे या प्रश्नाचं अकरा मुद्द्यांचं उत्तर तयार होतं. ते इंग्लंडात वाचलं गेलं होतं, वाखाणलं गेलं होतं. त्याने वर पाहिलं. योगेशच्या मागे मुक्ता उभी होती, हिरव्या शालूत, श्वास रोखून.

"छान आहे," वैजनाथ म्हणाला.

"मंग आज सारे मिळून पाहू," योगेश खूश होऊन म्हणाला. "पेनड्राईव्हवर हाय माह्याजवळ."

संध्याकाळी बैठकीत टीव्हीसमोर सगळे बसले. वैजनाथला मानाने मधोमध बसवलं. ती प्रत कुणीतरी थिएटरात कॅमेऱ्याने चोरून घेतली होती, त्यामुळे मधूनच पडद्यावर एखादं डोकं उठून बाहेर जायचं. वैजनाथला त्या डोक्याचा फार हेवा वाटला. लाल गाडी रेल्वेच्या टपावर चढली, उडाली, पुलावर उतरली आणि नायकाने गॉगल नीट केला. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

योगेशच्या आईने वातीचा कापूस बाजूला ठेवला. "एवढ्या उंचावरून पडला अन् त्याले खरचटलं बी नाही? मांगच्या खेपेले बी असाच पडला होता ना हा?"

योगेशचं तोंड उतरलं. सगळ्यांनी वैजनाथकडे पाहिलं, घरात शिकलेला माणूस तोच.

"मावशी," वैजनाथ थकल्या आवाजात म्हणाला, "असल्या पिक्चरला लॉजिक घरी ठेवून यायचं असतं."

"आपण घरीच त आहो ना बाप्पा," मावशी म्हणाल्या आणि पुन्हा वाती वळू लागल्या.

वैजनाथ त्यांच्याकडे बघत राहिला. आठ वर्षांत त्याच्या टीमला एवढा चांगला टेस्टर मिळाला नव्हता.